यादीत नसलेलं अठरावं घर

जालना स्टेशनाच्या बाजूला कापसाच्या गाठी भरण्यासाठी जो रुळांचा फाटा टाकलाय, त्यावर उभे असलेले डबे आमच्या चुलींवर उभे असतात. मी हे शोभेसाठी लिहीत नाही, मोजून सांगते. सिग्नलच्या खांबापासून चाळीस पावलं चाललं की आमचा उंबरा. आणखी सहा पावलांवर माय भाकरी थापायची. परवा नेमका तिथंच एक हमाल गाठीवर बसून बिडी ओढत होता. त्याला म्हटलं, "दादा, तुम्ही आमच्या घरात बसलाय." तो दचकून उठला आणि त्यानं बिडी विझवली. रेल्वेनं आम्हाला एवढाही मान दिला नव्हता.

आमच्या वस्तीला नाव नव्हतं. शहरातली माणसं "लाईनीकडचे" म्हणायची. रेल्वेच्या कागदात आम्ही "बिनपरवाना झोपड्या" होतो. वाचा पुन्हा: बिनपरवाना! पावसात रुळाखालची माती वाहून गेली की रेल्वेचा माणूस धावत कोणाच्या दारात यायचा? आमच्या. हाकेच्या अंतरावर राहा, असं कोणी सांगितलं होतं? रेल्वेनंच. हाक मारायची तेव्हा आम्ही तिचे, आणि राहायला लागलो की बिनपरवाना. असल्या गोष्टींचा मला तेव्हाही संताप यायचा, आजही येतो, आणि ज्याला येत नाही त्याच्याशी माझं पटत नाही.

पण वस्तीत राहण्याची मजा काही औरच होती, तीही सांगते. आमची घरं लाकडी स्लीपरची. रुळाखाली आडव्या टाकलेल्या तुळया कुजल्या-चिरल्या की रेल्वे त्या फेकून द्यायची आणि आमचे लोक त्या जमिनीत उभ्या रोवून भिंती करायचे. फटींत चिखल, वर पत्रा. त्या लाकडाला डांबर पाजलेलं, म्हणून वाळवी नाही, ढेकूणही नाही. चैत्र-वैशाखात मात्र डांबर पाझरायचं आणि भिंतीला टेकून बसणाऱ्याच्या पाठीवर काळे पट्टे उठायचे. मी शहरातल्या मुलींच्या शाळेत चार वर्षं गेले ती असलेच पट्टे पाठीवर घेऊन. "आली बघा आगगाडी," असं पोरी म्हणायच्या. मी मागं वळून म्हणायचे, "बाजूला व्हा मग, चिरडाल."

आणि आमचं बोलणं! गाडी आली की माणूस बोलता बोलता थांबायचा. तोंड उघडंच, हात हवेतच. डबे धडधडत जायचे, फळीवरची भांडी नाचायची, आणि शेवटचा डबा गेला की वाक्य जिथं तुटलं तिथूनच पुढं सुरू. भांडण असो की लग्नाची बोलणी, कोणी धागा चुकवायचा नाही. हसनाबादहून माझी आत्या आली तेव्हा तिला वाटलं, आम्हा सगळ्यांना एकदम झटका आला. ती ओरडली, "अगं माय, काय झालं गं तुमाला?" गाडी गेल्यावर आबा शांतपणे म्हणाले, "...तर मंग ती म्हैस इकून टाक."

आबा, म्हणजे माझे वडील, त्यांच्यासकट सतरा माणसांच्या टोळीचे मुकादम. रूळ उन्हानं फुगतो, बाजूला सरकतो, लाईन वाकडी होते. ती सरळ करायची पद्धत बघण्यासारखी. सगळे पहारी घेऊन रुळाला भिडायचे आणि आबा पन्नास पावलं लांब जाऊन उकिडवे बसायचे. एक डोळा मिटून रुळावरून नजर टाकायचे आणि हातानं खूण करायचे: इकडं, जराशी. मग हाक. हाक द्यायचे आबा, उत्तर द्यायची टोळी. त्या हाकेत काहीही यायचं, कोणाची सासू, स्टेशनमास्तरची टोपी, सकाळी पडलेलं कोणाचं दुधाचं भांडं.

"अरे उचला रे!"

"हां!"

"मास्तरची टोपी!"

"हां!"

"पडली हौदात!"

"हां!"

प्रत्येक "हां"ला रूळ केसभर सरकायचा. आबा म्हणायचे, "एकाच जागी ओढशील तं कमान व्हईल. समद्यांनी थोडं थोडं सरकायचं." हे ते रुळाबद्दल म्हणायचे. मी त्याकडं कधी नीट लक्ष दिलं नव्हतं. माझं लक्ष तेव्हा पत्रकांत होतं.

शहरातल्या एका बाईंकडे आम्ही सहा-सात जणी जमायचो. त्या दिवसांत छापखान्यांवर हैदराबाद सरकारचा पहारा, म्हणून पत्रकं हातानं उतरवून वाटायची. निळा कार्बन-कागद मध्ये घालून एका वेळी चार प्रती. माझं अक्षर ठळक, माझी वाक्यं आखूड. बाई म्हणायच्या, "तू लिहितेस तेव्हा टेबल हलतं." मला त्याचा फार अभिमान वाटायचा. एकोणीस वर्षांची होते. माझ्या लेखणीनं हैदराबादचं तख्त नाही तर निदान स्टेशनमास्तरची खुर्ची तरी हलेल, असा माझा ठाम समज होता.

आता मावशी. ती माझी सख्खी मावशी नव्हती. सगळी वस्ती तिला मावशीच म्हणायची. तिचा नवरा आबांच्या टोळीत होता. डब्यातून रूळ उतरवताना एक निसटला आणि त्याच्या छातीवर आला. रेल्वेनं प्रेत ट्रॉलीवरून घरी पोचवलं. तेराव्याच्या आधीच एक शिपाई येऊन उभा: "बिल्ला वापस करो." त्या माणसाच्या दंडावरचा पितळी बिल्ला. मावशीनं तो घासून, लखलखीत करून दिला. म्हणाली, "घे. तुझ्या साहेबाला म्हनावं, मानूस तुमी ठिवला, बिल्ला मी वापस केला." शिपाई काही कळलं नसल्यासारखा निघून गेला.

आमच्या टोळीची एक रीत होती. कोणी रुळावर मेला तर त्याचं घर मोकळं करायचं नाही आणि रूळ उचलताना त्याची जागा पहिलं वर्षभर रिकामी सोडायची. दोन माणसांच्या मधे एक माणूस मावेल एवढी फट. ते वर्ष संपलं आणि मावशी स्वतः कामाला लागली. आमच्या वस्तीपुढं लाईन टेकाडामागून वळते. वळणापलीकडची गाडी टोळीला दिसत नाही. मावशी लाल लुगड्याचा तुकडा काठीला बांधून त्या वळणावर बसू लागली. रुळावर तळहात ठेवायची आणि सांगायची, "मालगाडी हाय, अजून टाईम हाय," किंवा दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की सतराच्या सतरा माणसं उडी मारून बाजूला. तिच्या हयातीत त्या वळणावर एकालाही खरचटलं नाही. तिला कोणी नेमलं नव्हतं. हजेरीच्या वहीत ती नव्हती. तिच्या चुलीला पीठ टोळीच्या घरांतून जायचं, बस्स.

हे असं चाललं असताना एका बुधवारी इन्स्पेक्टरसाहेब ट्रॉलीवर बसून आले. चौघे ढकलणारे, वर छत्री, मांडीवर वही. जिनिंगवाल्यांना कापसाच्या गाठी भरण्यासाठी फाटा हवा होता आणि तो आमच्या घरांवरून जाणार होता. साहेबांनी आबांना खाली उभं केलं आणि ट्रॉलीवरूनच सांगितलं. नाल्याच्या अलीकडं टोळीसाठी सतरा जागा आखल्या आहेत, खुंट्या मारल्या आहेत. सोमवारी दुपारची पॅसेंजर यायच्या आधी मी येईन. इकडं एक घर उभं दिसता कामा नये, तिकडं यादीप्रमाणं सतरा दिसली पाहिजेत. लाकूड, पत्रा जो उठा सको उठा लो.

आबा म्हणाले, "साहेब, घरं अठरा हायेत."

साहेबांनी वही उघडली. "गँग में कितने आदमी?"

"सतरा."

"तो घर सतरा." वही बंद. ट्रॉली गेली.

म्हणजे बघा, आमची घरं पाडायला रेल्वे माणसंही लावणार नव्हती. ज्यांची घरं त्यांनीच पाडायची, आणि वर यादीप्रमाणं हजेरीही द्यायची! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रात्री नव्हे, त्याच दुपारी मी निळे कागद काढले. शनिवारपर्यंत बत्तीस प्रती तयार. "कामगार बंधूंनो! आपल्या घरावर आपलीच पहार चालवू नका! एक इंचही हलू नका! सोमवारी घरासमोर बसा!" खाली मागणी, आणि मागणीखाली कुटुंबांची यादी, एकेक नाव, ठळक अक्षरात. नावं बिनचूक यावीत म्हणून आबांच्या हजेरी-वहीतून उतरवून घेतली.

शनिवारी काम सुटल्यावर, ऊन असतानाच, मी वस्तीच्या मधोमध उभी राहून ते वाचलं. काय सांगू! बाया दारांत, पुरुष पहारींवर टेकलेले, आणि माझा आवाज रुळापलीकडं जात होता. "एक इंचही हलू नका" आलं तेव्हा केदारखेड्याच्या दोघा भावांनी टाळ्या वाजवल्या. मी यादी वाचली. सतरा नावं. शेवटी घोषणा दिली. सगळ्यांनी हात वर केले. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं भाषण आणि मला वाटलं, झालं, जिंकलो.

"पुन्हा वाच," मावशी म्हणाली. ती कडेला सूप घेऊन बसली होती.

"काय, मावशी?"

"ते नावं गं. पुन्हा वाच."

मी वाचली. आता घाईनं नाही. सोळावं नाव घेतलं. सतरावं घेतलं आणि कागद संपला.

"मंग मी कुटं हाय?"

मी म्हटलं, "मावशी, मी... वहीतनं उतरवली नावं."

"कोनाच्या वहीतनं?"

"रेल्वेच्या."

"मंग हे साहेबाचंच पत्रक झालं की गं. अक्षर तेवढं तुझं."

मी लोकांना बरंच बोलते, तेव्हा स्वतःचंही लिहून ठेवते. आठ वेळा मी ती यादी लिहिली. बत्तीस कागदांवर एका बाईला वगळलं. तिच्या घरची भाकरी मी खाल्ली होती, तिच्या शिट्टीवर माझा बाप दहा वर्षं जिवंत राहिला होता. वहीत नाही म्हणून माझ्या लेखणीला ती दिसलीच नाही. साहेबानं निदान एकदाच वगळलं होतं.

मग वस्तीत जी गडबड उडाली ती काय वर्णावी! सगळे एकदम बोलायला लागले. कोणी म्हणे, मावशीला आमच्या घरात घेऊ. मावशी उसळली, "मी कोनाच्या वळचणीला ऱ्हानार न्हाई. माझं दार पायजे, माझी कडी पायजे. मला वाटन तव्हा लावीन, वाटन तव्हा काढीन." कोणी म्हणे, सतरा तर सतरा, मिळतंय ते पदरात पाडून घ्या. मी म्हणत होते, कोणीही हलायचं नाही, अठरा घरं अठराच राहतील, इथंच.

टोळीतले चावीवाले चाचा, रोज पहाटे एकटे सगळी लाईन चालून खिळे ठोकत जाणारे, ते म्हणाले, "बेटी, हम नहीं तोडेंगे तो बाजू की गँग आएगी. वो तोडेगी भी, लकडी भी ले जाएगी. फिर बैठो पत्रक ओढके."

"पण चाचा, तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"तत्त्व पे छत डालते क्या?"

मी आबांकडं वळले. "आबा, तुम्ही तरी सांगा. एक इंच हलायचं नाही!"

आबा इतका वेळ उकिडवे बसून नाल्याकडच्या खुंट्यांच्या रांगेकडं बघत होते. एक डोळा मिटलेला. ते म्हणाले, "इंच इंच काय करून राह्यली पोरी? जन्मभर मी इंचच तं हलवत आलो." मग उठले, धोतर झटकलं. "मावशी, तुला किती जागा लागती?"

"आठ हात. चूल दारापासी."

"सतरा जागा हायेत. एकेकानं एक वीत द्यायची. सतरा वीत म्हंजी साडेआठ हात. झाली अठरावी."

मी तोंडातल्या तोंडात हिशेब केला. बरोबर होता. शाळेत चार वर्षं काढलेली मी, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

धाकटा केदारखेडकर कुरकुरला, "माझी वीत गेली तं माझी बाज आडवी बसत न्हाई."

त्याची बायको दारातूनच म्हणाली, "मंग उभा झोप. तसंबी दिवसा उभ्यानंच झोपतो."

एवढं हसणं झालं की गाडी आली तरी कोणी थांबलं नाही. त्या वस्तीत गाडीच्या आवाजावर आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

रविवारी सूर्य उगवायच्या वेळी सगळी टोळी नाल्याकडं. आबा लांबच्या टोकाला उकिडवे. तिकडची खुंटी जागच्या जागी ठेवायची. पुढची एक वीत आबांकडं सरकवायची, तिच्या पुढची दोन, तिच्या पुढची तीन. आबा हातानं खूण करत होते, चाचा हातोड्यानं खुंटी ठोकत होते, आणि मी वितीनं मोजत होते. माझी वीत लहान म्हणून आबांनी मोजायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. "तुझ्या वितीनं मोजलं तं मावशीला माचिसच्या डबीत ऱ्हावं लागन." शेवटच्या खुंटीपुढं, वळणाच्या बाजूला, मोकळी जागा उघडली. मावशी तिथं गेली, आडवी झोपून बघितली, उठली. "व्हईल," म्हणाली.

आणि मग जे सुरू झालं, ते मी जन्मभर विसरणार नाही! पत्र्याचं छप्पर सबंध उचलायचं. आठ जण चार कोपऱ्यांना, खाली बांबू, आणि आबांची हाक. छप्पर हवेत चालायला लागायचं, खाली सोळा पाय. बाया स्लीपर दोरीत अडकवून, दोघी पुढं दोघी मागं. मायच्या खांद्यावर डांबराचा पट्टा, कपाळावर घाम, आणि तोंडानं शिव्या, रेल्वेला, साहेबाला, साहेबाच्या छत्रीला. म्हाताऱ्या मडकी डोक्यावर घेऊन. कोंबड्या टोपलीखाली कल्ला करून राह्यलेल्या. माझ्या हातात पहिल्यांदा पहार आली. पहार हातात घेतल्यावर कळतं की घोषणा देणं किती सोपं असतं.

आणि आबांनी मला सोडलं नाही. हाकेत सगळ्यांचं येतं, तसं माझंही आलं.

"अरे उचला रे!"

"हां!"

"लेकीनं लिवलं!"

"हां!"

"बत्तीस कागद!"

"हां!"

"मावशी इसरली!"

"हां!!"

त्या "हां"ला छप्पर सगळ्यात जास्त उचललं गेलं. मावशी स्वतःच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती. माझे कान तापले, पण हात सोडला नाही. लाज वाटत होती आणि त्याच वेळी इतकं जोरात हसू येत होतं की बांबू खांद्यावरून निसटायचा बाकी होता. रागावलेल्या माणसांची सभा मी पुष्कळ बघितली आहे. रागावलेली माणसं अशी आनंदात घरं उचलून चालताना मी त्यानंतर कधी बघितली नाहीत.

सोमवारी सूर्य डोक्यावर आला तेव्हा जुन्या जागेवर फक्त काळे चौकोन उरले होते. नाल्याकडं अठरा घरं. सरळ, एका रेषेत. आबांनी टोकाला बसून शेवटची नजर टाकली, दोन घरांचे कोपरे बोटभर ढकलायला लावले आणि उठले.

ट्रॉली आली. साहेब घाईत होते. पॅसेंजर यायची वेळ, एकेरी लाईन, त्याआधी ट्रॉली स्टेशनात पोचायला हवी. त्यांनी ट्रॉलीवरून उतरायचीही तसदी घेतली नाही. वही उघडून नावं घेऊ लागले. प्रत्येक जण आपल्या दारासमोर. "हाजिर." "हाजिर." "हाजिर साब." सतरा झाली. साहेबांनी वही मिटली, मान वर केली आणि रांगेच्या शेवटी एक घर जास्त दिसलं. दारात मावशी.

"ये किसका?"

"झेंडीवालीचं, साहेब," आबा म्हणाले.

"कौन झेंडीवाली? रजिस्टर में नहीं है."

"न्हाई ना. आता लिवा. न्हाईतर उद्यापास्नं वळणावर एक मानूस द्या. बिगर झेंडीचं काम करायचा कायदा न्हाई, असं तुमीच सांगितल्तं. आजवर कोन बसत होतं तिथं, तेबी लिवा मंग."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. लिहावं तर वर उत्तर द्यावं लागणार की इतकी वर्षं वळणावर माणूस का नव्हता. न लिहावं तर घर पाडायला लावून वळणावर नवा माणूस द्यावा लागणार. त्यांनी घड्याळ काढलं. मी पुढं झाले. माझ्याच्यानं राहवलं नाही. "लिहा ना साहेब! सतरा नावं लिहिता येतात, एक येत नाही?"

"ये लडकी कौन?"

"माझी," आबा म्हणाले. एवढंच. पण ज्या आवाजात म्हणाले तो माझ्याकडं अजून जपून आहे.

साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. "देखो मुकादम. मैंने सतरा घर देखे. सतरा. समझे? बाकी मुझे कुछ नहीं दिखा. चलो, ढकलो."

म्हणजे घर राहिलं! टोळीत खसखस पिकली, माणसं सलाम करायला वाकली, चाचांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. मीही मान डोलावली. घर वाचलं, आणखी काय हवं? साहेबानं डोळे मिटले, आपण दार उघडलं. मला तो चतुर सौदा वाटला.

"काय म्हन्ला तो?" मावशीनं विचारलं.

"त्याला सतराच दिसले म्हणे. तुझं घर राहिलं, मावशी!"

"सतरा?"

ती चालायला लागली. उतारावरून खाली, खडीवरून वर, आणि ट्रॉलीच्या पुढं रुळाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. हात कमरेवर.

"अठरा म्हन."

साहेब उभे राहिले. "हटाओ इसको."

सतरा माणसं तिथं होती. साहेबाच्या शब्दासरशी धावणारी, जन्मभर धावलेली माणसं. एकही हलला नाही. ट्रॉली ढकलणारे चौघेही छत्रीच्या दांड्याकडं बघत राहिले. मी बत्तीस कागदांवर जे लिहिलं होतं ते माझ्यासमोर घडत होतं आणि त्याला माझा एक कागदही लागला नव्हता.

"घर तो मिल गया ना! और क्या चाहिए?"

"घर मी बांधलं. तुमी काय दिलं? मी जिती हाय आन् हिथं ऱ्हाते. अठरा म्हना."

लांब, टेकाडामागून, इंजिनाची शिट्टी आली. मावशीनं मान वळवली, ऐकलं आणि पुन्हा साहेबाकडं बघितलं. "वळणाच्या पल्याड हाय. अजून टाईम हाय. पर लई न्हाई."

"अठरा! अट्ठारा! बस?" साहेब ओरडले.

"नाव घेऊन."

"क्या नाम है तुम्हारा?"

तिनं नाव सांगितलं. आमच्यापैकी पुष्कळांनी ते पहिल्यांदा ऐकलं. मी ते इथं लिहीत नाही, ते तिनं ज्याला ऐकवायचं त्याला ऐकवलं. साहेबांनी वही उघडली, पेन्सिल लावली की नुसतं नाटक केलं ते मला तिथून दिसलं नाही. पुढं कधी त्या घराला हात लावायला कोणी आलं नाही, एवढं मला माहीत आहे. पण नाव त्यांनी घेतलं. मोठ्यानं, पूर्ण, बापाच्या नावासकट, सगळ्या लाईनीला ऐकू जाईल असं.

"हाजिर!" मावशी म्हणाली.

मग ती रुळावरून उतरली, पदर खोचला आणि ट्रॉलीवाल्यांवर खेकसली, "आता काय बघून राह्यले रे माझ्याकडं? पळा जल्दी!"